शांत बसणे आणि शांत होणे : यिन योगातून शिकण्यासारखे काही



दरवर्षी २१ जूनला आपण आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा करतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी हा दिवस जाहीर केला आणि २०१५ पासून तो जगभर पाळला जातो. आपल्या विदर्भात मात्र उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. त्यामुळे गोंदिया जिल्ह्यातल्या मुलांचा योग दिन बहुतेक वर्षी सुट्टीतच येतो. जी मुले गावात असतात ती मैदानावर जमतात. हात वर, हात खाली, ताडासन, वृक्षासन होते, फोटो निघतो आणि कार्यक्रम संपतो.

योगाची खरी गरज मात्र त्यानंतर पडते. रोवणीच्या दिवसांत आई-बाबा दिवसभर बांधीत असतात. घरची लहान भावंडं सांभाळून मूल शाळेत येतं. पुढे शिष्यवृत्ती परीक्षा असते, नवोदयची परीक्षा असते. मूल वर्गात गप्प बसलेलं दिसतं, पण त्याचं मन ठिकाणावर नसतं. अशा वेळी उपयोगी पडेल असा योगाचा एक संथ प्रकार आहे, तो म्हणजे यिन योग. आजच्या लेखात आपण यिन योग म्हणजे काय, त्याने मन शांत का होते, आणि आपल्या घरात व वर्गात तो कसा करता येईल हे पाहणार आहोत.

यिन योग म्हणजे काय?

'यिन' आणि 'यांग' हे चिनी विचारातले शब्द आहेत. डोंगराची सावलीची बाजू म्हणजे यिन आणि उन्हाची बाजू म्हणजे यांग, असा त्यांचा जुना अर्थ सांगतात. आपल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडाच्या डोंगराचंच उदाहरण घ्या. सकाळी एका अंगाला ऊन असतं, दुसऱ्या अंगाला सावली. संध्याकाळी उलट होतं. डोंगर मात्र एकच. तसंच माणसाचं आहे. धावणं, खेळणं, काम करणं ही उन्हाची बाजू. थांबणं, विसावणं ही सावलीची बाजू. दोन्ही लागतात.

सूर्यनमस्कारात आपण एकामागून एक स्थिती बदलत जातो, स्नायू जोरात काम करतात, घाम येतो. यिन योगात याच्या उलट असतं. बहुतेक आसनं बसून किंवा झोपून करायची. एका आसनात साधारण ३ ते ५ मिनिटं राहायचं. स्नायू आवळायचे नाहीत, सैल सोडायचे. यात तीन नियम सांगितले जातात. पहिला, शरीराला झेपेल तेवढंच आसनात जायचं. दुसरा, तिथे स्थिर व्हायचं. तिसरा, काही वेळ तिथेच राहायचं. स्नायू सैल असल्यामुळे हळूवार ताण सांध्यांच्या आजूबाजूच्या ऊतींवर, म्हणजे अस्थिबंधांवर आणि स्नायूंभोवतीच्या पातळ आवरणांवर येतो, अशी यामागची कल्पना आहे.

हा प्रकार आजच्या रूपात अमेरिकेत वाढला. पॉली झिंक हे चिनी युद्धकलेचे शिक्षक १९७० च्या दशकाच्या शेवटी अशी लांब थांबण्याची आसनं शिकवू लागले. पुढे पॉल ग्रिली आणि सारा पॉवर्स या शिक्षकांनी हा प्रकार सगळीकडे नेला, आणि 'यिन योग' हे नाव सारा पॉवर्स यांच्यामुळे रुळलं.

नाव नवे, ओळख जुनी

नाव चिनी, प्रसार अमेरिकेतून, मग आपला काय संबंध? संबंध आहे. यातली बरीचशी आसनं हठयोगातलीच आहेत. पतंजलींच्या योगसूत्रांत आसन कसं असावं याबद्दल फार थोडं सांगितलं आहे. ते स्थिर असावं, सुखाचं असावं आणि प्रयत्न सैल झाला की ते साधतं, असा त्याचा भाव आहे. हठयोगाच्या ग्रंथांत शवासन थकवा घालवतं आणि चित्ताला विश्रांती देतं असं म्हटलं आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाला जागा कशी हवी आणि आसन कसं घालावं याचं सविस्तर वर्णन आहे. म्हणजे थांबण्याचं महत्त्व आपल्याकडे आधीपासून सांगितलेलं आहे.

महाराष्ट्रात तर या विषयावर मोठं काम झालं आहे. श्री योगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईत 'द योग इन्स्टिट्यूट' सुरू केली आणि साध्या संसारी माणसाला योग शिकवला. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात शिकवायला आले आणि २०१४ साली शेवटपर्यंत पुण्यातच राहिले. त्यांनी घोंगडी, लोड, पट्टा, खुर्ची, लाकडी ठोकळे यांचा आधार घेऊन आसनं शिकवली. आधार मिळाला की आजारी, म्हातारा, ताठर शरीराचा माणूससुद्धा आसनात जास्त वेळ आरामात राहू शकतो. यिन योग शिकवणारेही उशी आणि लोड याच कारणासाठी वापरतात. आपल्या जवळ नागपूरला जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आहे, तिथेही अनेक दशकांपासून सामान्य लोकांना योग शिकवला जातो.

मन शांत होते ते कसे?

आता मुख्य प्रश्न. नुसतं एका जागी पडून राहिल्याने मन शांत का व्हावं?

आपल्या शरीरात स्वायत्त चेतासंस्था असते. हृदयाचे ठोके, पचन, घाम ही कामं ती आपल्याला न विचारता करते. तिचे दोन भाग आहेत. अनुकंपी भाग संकटात जागा होतो. समजा पांदण रस्त्याने जाताना अचानक साप दिसला. छाती धडधडते, हात-पाय थंड पडतात, पळायची तयारी होते. ते काम या भागाचं. दुसरा परानुकंपी भाग. संकट टळलं की तो ठोके कमी करतो, पचन सुरू करतो, शरीर पूर्ववत आणतो.

गंमत अशी की शरीराला साप आणि गणिताचा पेपर यातला फरक नीट कळत नाही. भीती वाटली की अनुकंपी भाग कामाला लागतो. साप निघून जातो, पण परीक्षेची, घरातल्या भांडणाची, कर्जाची काळजी रोजच असते. मग शरीर दिवसभर अर्धवट पळायच्या तयारीतच राहतं.

ठोके आपण हुकूम देऊन कमी करू शकत नाही. पण श्वास हळू करू शकतो. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित कमी होतात. म्हणून श्वास सावकाश आणि लांब सोडला की परानुकंपी भागाला काम करायला वाव मिळतो. यिन योगात शरीराला आधार असतो, स्नायूंना काम नसतं, डोळ्यांसमोर काही हलत नसतं, त्यामुळे श्वास आपोआप संथ होऊ लागतो.

दुसरी गोष्ट मनाची आहे. पहिल्या मिनिटात बरं वाटतं. दुसऱ्या मिनिटात नाकाला खाज सुटते, कंटाळा येतो, घरची आठवण येते. लगेच हालचाल करावीशी वाटते. पण थोडं थांबलं तर खाज आपोआप जाते, कंटाळाही ओसरतो. असं रोज अनुभवलं की एक गोष्ट आतून पटते : अस्वस्थता येते आणि जातेसुद्धा, प्रत्येक वेळी तिच्यामागे धावावं लागत नाही. पेपर हातात पडल्यावर पहिलं गणित न सुटलेल्या मुलाला याहून मोठी शिदोरी कोणती?

संशोधन काय म्हणते? स्वीडनमध्ये तणावाखाली जगणाऱ्या १०५ मध्यम वयाच्या व त्याहून मोठ्या माणसांवर पाच आठवड्यांचा एक अभ्यास झाला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. यिन योग करणाऱ्यांच्या रक्तातला तणावाशी जोडलेला एक घटक कमी झाला आणि त्यांची चिंताही कमी झाली असं त्यात आढळलं. पण लक्षात घ्या, हा अभ्यास मोठ्या माणसांवरचा आणि थोड्या दिवसांचा आहे. त्यावरून मुलांचे गुण वाढतील, अमुक आजार बरा होईल असं म्हणणं बरोबर नाही.

नाडी मोजून पाहूया

ऐकलेलं मान्य करण्यापेक्षा मोजून पाहावं, ही सवय मुलांना लावायला हा विषय फार चांगला आहे. आणि इथे एका शिक्षकाचीच आठवण होते. जगन्नाथ गणेश गुणे हे खानदेशात अमळनेरला शिक्षक होते. पुढे तेच स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. योगक्रिया करताना शरीरात नेमकं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाब मोजणारी उपकरणं वापरून तपासलं. शंभर वर्षांपूर्वी योग प्रयोगशाळेत नेणारे ते अगदी पहिल्या लोकांपैकी एक.

आपल्या वर्गात क्ष-किरण यंत्र नाही, पण घड्याळ आहे. मुलांना मनगटावर अंगठ्याखालच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी शोधायला शिकवा. अर्धा मिनिट ठोके मोजा आणि दोनने गुणा. हे झालं 'आधी'. मग पाच मिनिटं शांत झोपून सराव करा आणि पुन्हा मोजा. हे झालं 'नंतर'. दोन्ही आकडे वहीत लिहा. आठवडाभर नोंद ठेवून पाचवीच्या पुढच्या मुलांनी सरासरी काढावी. विज्ञान झालं, गणित झालं आणि योगही झाला. सगळ्यांचे ठोके कमी होतीलच असं नाही. एखाद्याचे तेवढेच राहतील. जे आलं तेच लिहायचं, हा नियम मात्र पाळा.

गप्प बसणे वेगळे, शांत होणे वेगळे

आता मला ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तो सांगते. आपण शिक्षक 'शांत बसा' हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणतो? हाताची घडी, तोंडावर बोट. वर्ग गप्प होतो. पण तो शांत झाला का? भीतीने गप्प बसलेल्या मुलाचे खांदे बघा, मान बघा, श्वास बघा. अंग आवळलेलं असतं. आवाज बंद झालाय, पण आतली धडधड चालूच आहे.

आपल्या भागातला सारस पक्षी धानाच्या बांधीत कितीतरी वेळ न हलता उभा राहतो. तो झोपलेला नसतो, घाबरलेलाही नसतो. जागा असतो आणि निवांत असतो. शांत होणं म्हणजे हे. ते बाहेरून हुकूम देऊन होत नाही. त्याला वेळ, आधार आणि सुरक्षित वाटणं या तीन गोष्टी लागतात. यिन योगात नेमक्या याच तीन गोष्टी आहेत, म्हणून त्याच्यापासून शिकायचं.

माझ्या वर्गात सराव झाल्यावर चौथीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पाय झोपले, पण डोकं नाही झोपलं." मला हे उत्तर फार आवडलं. मन शांत झालं नाही हे तिने न घाबरता सांगितलं. आपलं मन कसं आहे हे ओळखता येणं, ही शांततेची पहिली पायरीच आहे. म्हणून सरावानंतर 'छान वाटलं ना?' असं विचारू नका. 'कसं वाटलं?' असं विचारा. मग मूल खरं बोलतं.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. हा सराव शिक्षा म्हणून कधीही देऊ नका. आणि डोळे मिटायची सक्ती करू नका. काही मुलांना डोळे मिटले की भीती वाटते. त्यांनी छताकडे पाहिलं तरी चालतं.

वर्गातला पाच मिनिटांचा सराव

लहान मुलांचे सांधे लवचिक असतात, त्यांना मोठ्यांसारखा लांब ताण देण्याची गरज नाही. वेळ थोडा आणि ताण अगदी हलका ठेवा.

१. बालासन (१ मिनिट) : गुडघ्यांवर बसून पुढे वाकायचं, कपाळ हातांवर किंवा घडी केलेल्या दुपट्ट्यावर टेकायचं. जागा नसेल तर बाकावरच हातांची उशी करून डोकं ठेवावं.

२. पोटावर हात (२ मिनिटं) : सतरंजीवर पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवून तळपाय जमिनीवर. दोन्ही हात पोटावर. श्वासाने हात वर-खाली होताना नुसतं बघायचं.

३. शवासन (२ मिनिटं) : पाय सरळ, अंग सैल. उठताना आधी एका कुशीवर वळायचं, मग हाताच्या आधाराने बसायचं.

जेवणानंतर लगेच हा सराव घेऊ नका. सकाळच्या परिपाठानंतर किंवा शेवटच्या तासिकेआधीची वेळ चांगली.

घरच्या मोठ्यांसाठी वीस मिनिटे

रोवणीच्या दिवसांत आपल्या माय-बहिणी सकाळपासून चिखलात वाकून पऱ्हे लावतात. कंबर आणि पाठ तासन्तास पुढे वाकलेली असते. अशा दिवशी पुन्हा पुढे वाकण्याची आसनं नकोत. भिंतीला पाय लावून झोपणं आणि शवासन एवढंच पुरे. इतर दिवशी हा क्रम करता येईल. महागडी चटई किंवा लोड लागत नाही. घरची गोधडी, गुंडाळलेली चादर आणि उशी पुरते.

१. बद्धकोणासन (३ मिनिटं) : तळपाय एकमेकांना लावून बसा, टाचा थोड्या लांब ठेवा आणि हळू पुढे झुका. गुडघ्यांखाली उशा ठेवा.

२. कोपरांवरचे भुजंगासन (३ मिनिटं) : पोटावर झोपून कोपरं खांद्यांखाली टेका, छाती थोडी वर. कंबर दुखली तर लगेच खाली या.

३. बालासन (३ मिनिटं) : पोटाखाली गुंडाळलेली गोधडी घेतली तर जास्त आराम वाटतो.

४. भिंतीला पाय (५ मिनिटं) : भिंतीजवळ पाठीवर झोपा, पाय वर करून भिंतीला टेका. दिवसभर उभं राहणाऱ्यांना हे आसन फार आवडतं.

५. शवासन (५ मिनिटं) : अंगावर पातळ चादर घ्या.

प्रत्येक आसनातून बाहेर येताना घाई करू नका. हलका ताण जाणवला तर चालेल, पण टोचल्यासारखं झालं, मुंग्या आल्या किंवा सांध्यात कळ आली तर तिथेच थांबा.

काळजी घ्या

आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि रुग्णाला कधी कधी तीव्र वेदना होतात. थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं आणि अतिश्रम यांमुळे त्या वाढू शकतात. म्हणून वर्गात असं मूल असेल तर त्याला थंड फरशीवर झोपवू नका, जाड सतरंजी द्या, सरावाआधी पाणी प्यायला सांगा आणि त्याच्या पालकांशी व आरोग्य सेविकेशी बोलून घ्या. दुखत असेल त्या दिवशी सराव नको.

गरोदर महिला, उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू असलेल्या व्यक्ती, मणक्याचा त्रास असणारे आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. भिंतीला पाय लावण्याचं आसन तर विचारल्याशिवाय करूच नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. घरात मारहाण होत असेल, मूल उपाशी येत असेल, कुणी त्याला त्रास देत असेल, तर त्याला 'श्वास सोड, शांत हो' म्हणणं म्हणजे अन्याय आहे. तिथे आधी मोठ्यांनी कारण दूर करायला हवं. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. खूप दिवस उदास वाटत असेल, झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. योग हा त्या मदतीच्या जोडीला असतो, तिच्या जागी नाही.

समारोप

यिन योगात दिखाऊ असं काही नाही. फोटो काढावा असं आसन नाही, स्पर्धा नाही, पहिला नंबर नाही. शरीराला आधार द्यायचा, श्वास सावकाश सोडायचा आणि थोडा वेळ थांबायचं. पण याच थांबण्यातून मुलाला कळतं की आपल्या आतली धडधड आपल्याला ओळखता येते आणि ती ओसरेपर्यंत थांबताही येतं. हे एकदा आलं तर 'शांत बसा' म्हणायची वेळ आपल्यावर कमी येईल. सुरुवात शिक्षकांनी स्वतःपासून करावी, कारण चिडलेल्या गुरुजींच्या वर्गात मुलं गप्प बसतील, पण शांत होणार नाहीत.

स्वाध्याय

१. यिन आणि यांग म्हणजे काय ते तुमच्या गावातले उदाहरण देऊन सांगा.
२. स्वायत्त चेतासंस्थेचे दोन भाग कोणते? प्रत्येकाचे काम लिहा.
३. सरावाच्या आधीची आणि नंतरची नाडी सात दिवस मोजा, तक्ता तयार करा व सरासरी काढा.
४. 'गप्प बसणे' आणि 'शांत होणे' यातला फरक तुमच्या अनुभवावरून पाच ओळींत लिहा.
५. घरी काम करून थकलेल्या व्यक्तीला भिंतीला पाय लावून झोपायचे आसन सांगण्याआधी तुम्ही कोणते प्रश्न विचाराल?